मुक्या घराचा जीर्णोद्धार : साल्युत-७ आणि १९८५ ची मोहीम



ज्या शाळेत मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेने पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर मला बोलण्यासाठी बोलवावे, हा मी माझा मोठा सन्मान समजतो. ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला गणित शिकवले. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो, त्यात त्यांचा दोष काही नाही. त्यांचा एक दंडक मात्र मी जन्मभर पाळला. वहीत उदाहरण चुकले, तर चुकलेली पायरी रबराने खोडायची नाही; तिच्यावर एकच सरळ रेघ ओढायची आणि खाली पुन्हा मांडणी करायची. चूक कोठे झाली हे दिसत राहिले पाहिजे, असे ते म्हणत. आज मी जी हकीकत सांगणार आहे, तिच्यात या दंडकाचा संबंध पुढे येईल.

२०२५ च्या जून महिन्यात शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात पोहोचले आणि भारतीय माणसाने अंतराळात जाण्याचा विषय घरोघरी पुन्हा निघाला. संयोजकांनी मला सुचवले की, इतिहासाच्या अंगाने या विषयावर बोलावे. मी विज्ञानाचा अभ्यासक नाही. परंतु एक जुनी मोहीम कित्येक वर्षे माझ्या मनात घर करून आहे. तिच्यात कोणताही ‘पहिला’ विक्रम करण्याचा हेतू नव्हता. बिघडलेले घर पुन्हा राहते करण्यासाठी दोन माणसे गेली, एवढाच तिचा विषय. ती मोहीम म्हणजे १९८५ सालची सोयुझ टी-१३.

प्रथम आपल्या ओळखीच्या प्रसंगापासून आरंभ करतो. ३ एप्रिल १९८४ रोजी स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा, युरी मालिशेव्ह आणि गेन्नादी स्त्रेकालोव्ह हे तिघे बैकोनूर येथून सोयुझ टी-११ या यानातून निघाले. शर्मा यांचा जन्म १९४९ चा, म्हणजे ते माझ्याच पिढीचे. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्यांना वरून भारत कसा दिसतो असे विचारले आणि त्यांनी इक्बालांच्या गीताच्या पहिल्या ओळीने उत्तर दिले, हा प्रसंग येथील प्रत्येकाला पाठ आहे. मी त्या वेळी इंदुरातच होतो. आमच्या वाड्यात रेडिओभोवती जी गर्दी झाली, तशी पूर्वी क्रिकेटखेरीज कशासाठीही झालेली मी पाहिली नव्हती. म्हैसूरच्या प्रयोगशाळेने तयार केलेला शिरा त्यांनी बरोबर नेला आहे, या बातमीने आमच्या आईला सर्वांत अधिक आनंद झाला. ११ एप्रिलला ते सुखरूप परतले.

शर्मा ज्या घरी पाहुणे म्हणून आठवडाभर राहिले, त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात आहे? ते घर म्हणजे साल्युत-७. पाहुणा लक्षात राहिला आणि घर विसरले गेले.

साल्युत-७ हे १९ एप्रिल १९८२ रोजी सोडण्यात आले. वजन सुमारे वीस टन, लांबी सुमारे सोळा मीटर. आपल्या शाळेच्या दोन वर्गखोल्या एकापुढे एक ठेवाव्यात, साधारण तेवढे. दीड तासात ते पृथ्वीभोवती एक प्रदक्षिणा घाली. त्याच्या दोन्ही टोकांना यान जोडण्याची सोय होती, त्यामुळे एक यान तेथे उभे असतानाही दुसरे येऊ शके. या घरी १९८२ साली अनातोली बेरेझोव्होय आणि व्हालेन्तिन लेबेदेव्ह २११ दिवस राहिले. १९८३ च्या सप्टेंबरात त्याच्या इंजिनांच्या नळ्यांतून गळती झाली. १९८४ साली लिओनिद किझिम आणि व्लादिमीर सोलोव्योव्ह यांनी अनेकदा बाहेर पडून त्या नळ्या दुरुस्त केल्या. शर्मा यांचे यजमान हेच दोघे, आणि त्यांच्यासोबत डॉक्टर ओलेग आत्कोव्ह. २३७ दिवसांचा मुक्काम आटोपून हे तिघे ऑक्टोबर १९८४ मध्ये परतले आणि स्थानक रिकामे झाले.

११ फेब्रुवारी १९८५ रोजी त्या रिकाम्या घराशी असलेला संपर्क तुटला. मुख्य प्रक्षेपकात विजेचा प्रवाह बेसुमार वाढल्याने संरक्षक यंत्रणेने तो आपोआप बंद केला होता. राखीव प्रक्षेपकावर काम चालू शकत होते. परंतु मॉस्कोजवळील नियंत्रण केंद्रातून मुख्य प्रक्षेपक पुन्हा सुरू करण्याची आज्ञा गेली, पुन्हा बिघाड झाला, आणि या वेळी ऐकण्याची यंत्रणाही निकामी झाली. स्थानक बोलेना आणि ऐकेनाही. पृथ्वीवरील रडारला ते एक वस्तू म्हणून दिसत होते, इतकेच.

मार्च १९८५ च्या आरंभी सोविएत वृत्तसंस्थेने एक निवेदन प्रसिद्ध केले. साल्युत-७ चा नियोजित कार्यक्रम पूर्णपणे पार पडला असून स्थानक आता स्वयंचलित अवस्थेत आपले भ्रमण चालू ठेवीत आहे, असा त्याचा आशय होता. बिघाडाचा उल्लेख नाही, मौनाचा उल्लेख नाही. माझ्या गुरुजींच्या भाषेत सांगायचे, तर पायरी रबराने खोडून टाकली होती.

असे निवेदन काढणे सोपे होते आणि त्यावर थांबणेही सोपे होते. पुढचे स्थानक ‘मीर’ तयार होत होते, पण ते अद्याप जमिनीवर होते. साल्युत सोडून दिले असते, तर वर्षभर जावयाला ठिकाण उरले नसते, आणि वीस टनांची वस्तू केव्हातरी कोठेतरी खाली आली असती. बंद खोल्यांतून सत्य मान्य करणारी माणसे होती. त्यांनी ठरवले की, कोणीतरी तेथे प्रत्यक्ष जाऊन पाहिले पाहिजे.

आजवर प्रत्येक यान स्थानकाच्या साहाय्याने स्थानकाला जोडले जात असे. स्थानक स्वतः दिशा धरून स्थिर राही, येणाऱ्या यानाला संकेत देई, आणि उरलेले अंतर यंत्रे आपसात मोजीत. येथे घरातून कोणी हाक मारणार नव्हते. म्हणून निवड झाली ती व्लादिमीर जानिबेकोव्ह यांची. १९८२ साली स्वयंचलित जोडणी बिघडली असता त्यांनी हाताने यान जोडले होते, आणि त्यांची ही पाचवी अंतराळयात्रा. जोडीला अभियंता व्हिक्तर साविनिख, ज्यांना त्या घरातील तारन् तार ठाऊक होती. तिसरे आसन काढून टाकले आणि त्या जागी पाणी व शिधा भरला. निरुपयोगी ठरणारी जोडणीची यंत्रणाही उतरवली. बाजूच्या खिडकीपाशी सुकाणूच्या मुठी बसवल्या, हातात धरून अंतर मोजायचे लेसर उपकरण दिले आणि अंधारात पाहण्यासाठी एक दुर्बीण दिली.

६ जून १९८५ रोजी सोयुझ टी-१३ निघाले. हवाई संरक्षणाच्या रडारांनी स्थानकाचा ठावठिकाणा देत त्यांना सुमारे दहा किलोमीटरपर्यंत आणून सोडले. तेथून पुढे डोळा, हात आणि हिशोब. साविनिख खिडकीतून अंतर मोजून सांगत होते आणि जानिबेकोव्ह यान चालवीत होते. जवळ आल्यावर त्यांच्या नजरेस पडले की, स्थानकाचे सौरपंख सूर्याकडे वळलेले नसून वेडेवाकडे राहिले आहेत. त्यावरून दोघांनी ओळखले की, रेडिओच बिघडला असे नव्हे, घरातील सारी वीज गेली आहे. सुमारे दोनशे मीटरवर यान थांबवून, मंद गतीने हेलकावे खाणाऱ्या त्या देहाभोवती वळसा घेऊन, ८ जून रोजी जानिबेकोव्ह यांनी आपले यान त्याच्या पुढील दारास लावले. मूक आणि निश्चेष्ट अंतराळस्थानकास मानवी हाताने यान जोडले जाण्याची ही पहिली वेळ होती. ‘पहिला’ विक्रम झाला तो असा, न ठरवता.

आता दार उघडायचे. आत हवा आहे की निसटून गेली, हेही ठाऊक नव्हते. दारातील लहान झडप उघडून हवेचा दाब तपासला. विषारी वायूंची परीक्षा घेतली. मग तोंडावर मुखवटे चढवून दोघे आत गेले. आत पूर्ण काळोख होता आणि नेहमी चालणाऱ्या पंख्यांचा आवाज नव्हता. भिंतींवर हिमाचा थर, नळ्यांवरून बर्फाच्या कांड्या. तापमापकावरील खुणा शून्यापाशी संपत होत्या, म्हणून थंडी किती हे मोजायलाही साधन नव्हते. साविनिख यांनी थुंकून पाहिले, तर लाळ काही क्षणांतच गोठली. त्यावरून शून्याखाली सुमारे दहा अंशांचा अंदाज बांधण्यात आला. लोकरीच्या टोप्या आणि हातमोजे घालून त्यांनी कामास आरंभ केला.

या प्रसंगातील एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. जेवणाच्या मेजावर खारीसारखे कडक पाव आणि मिठाच्या गोळ्या बांधून ठेवल्या होत्या. पाहुण्याचे स्वागत पावाने आणि मिठाने करण्याची रशियनांची जुनी रीत आहे. ऑक्टोबरमध्ये घर बंद करून जाताना किझिम आणि त्यांच्या सोबत्यांनी पुढे येणाऱ्यांसाठी ही शिदोरी मांडून ठेवली होती. आपल्याकडे परगावी जाताना उंबरठ्याला हात लावून निघतात, त्यातली ही भावना. आठ महिने ते स्वागत काळोखात गोठून पडले होते.

पंखे बंद असल्यामुळे एक निराळेच संकट होते. वजनरहित अवस्थेत उष्ण हवा वर जात नाही. माणसाने सोडलेला श्वास त्याच्या तोंडाभोवतीच साचून राहतो. फार वेळ एका जागी काम केले, तर गुंगी येऊन घात होण्याची भीती. म्हणून बहुधा एकाने काम करायचे आणि दुसऱ्याने यानातून त्याच्यावर लक्ष ठेवायचे, असा नियम होता. जवळचे पाणी काटकसरीने वापरले तरी काही दिवसांचेच होते आणि स्थानकाच्या टाक्यांतील पाण्याचे दगड झाले होते. तेवढ्या दिवसांत वीज आली नाही, तर परतणे भाग होते.

वीज आणायची कोठून? बॅटऱ्या पार रित्या होत्या, आणि सौरपंख बॅटऱ्यांना जोडणारी यंत्रणा चालायलाही आधी थोडी वीज हवी होती. पेटीची किल्ली पेटीतच, अशी अवस्था. त्यांनी आठांपैकी सहा बॅटऱ्या कामाच्या म्हणून निवडल्या. मग त्या थंडीत हातमोजे काढून, सौरपंखांकडून येणाऱ्या तारांची टोके सोलली, बॅटऱ्यांच्या तारांशी उघड्या बोटांनी पिळून जोडली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. अशा सोळा तारा. त्यानंतर जानिबेकोव्ह यांनी आपल्या सोयुझची इंजिने चालवून सगळे स्थानकच सूर्याकडे वळवले. बॅटऱ्या भरू लागल्या. आत गेल्यापासून तीनचार दिवसांत दिवे लागले आणि पंखे फिरू लागले. पाणी तापवण्याचे साधन नादुरुस्त होते, म्हणून छायाचित्रणाच्या मोठ्या दिव्याच्या उष्णतेवर चहा झाला.

उब आली आणि बर्फ वितळू लागला, तेव्हा पुन्हा चिंता. भिंतींवर, तारांवर, यंत्रांच्या फटींत पाणी. एखाद्या ठिणगीने सारे श्रम वाया गेले असते. पूर्वीच्या रहिवाशांनी मागे ठेवलेले कपडे फाडून त्यांनी फडकी केली आणि घर पुसून काढले. अंतराळयुगाच्या इतिहासात फडक्याने भिंती पुसण्याच्या या कामाला स्वतंत्र पान मिळाले पाहिजे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मूळ रोग कोठे होता, तेही त्यांना सापडले. बॅटरी भरली की सौरपंखांचा पुरवठा तोडणारा एक मापक असतो. बॅटरी अति भरून बिघडू नये, म्हणून ही योजना. तोच बिघडला होता. बॅटरी रिती असतानाही तो भरल्याची खूण देई आणि यंत्रणा इमानाने पुरवठा तोडी. दर प्रदक्षिणेत सूर्य डोक्यावर येत होता आणि घर मात्र थेंबाथेंबाने रिते होत गेले. रेडिओ चालू असता, तर नियंत्रकांना हे दिसले असते. तो मुका झाल्यामुळे सांगणारेही कोणी नव्हते.

२३ जूनला प्रोग्रेस-२४ हे मालवाहू यान पाणी आणि नवे सुटे भाग घेऊन पोहोचले. २ ऑगस्टला दोघांनी बाहेर पडून जादा सौरपंख बसवले. सप्टेंबरात सोयुझ टी-१४ मधून व्लादिमीर वास्युतिन, गिओर्गी ग्रेच्को आणि अलेक्सांद्र व्होल्कोव्ह आले. जानिबेकोव्ह हे ग्रेच्को यांच्यासह ११२ दिवसांनी परतले. साविनिख नव्या सोबत्यांबरोबर मागे राहिले. घर एकदाही रिकामे न ठेवता जुन्यातले काही जातात आणि नव्यातले काही राहतात, ही पद्धत तेथे प्रथम रुजली. दुर्दैवाने वास्युतिन आजारी पडले आणि नोव्हेंबरमध्ये सर्वांना परत यावे लागले. पुढच्या वर्षी किझिम आणि सोलोव्योव्ह मीरवरून याच घरी पुन्हा आले, पन्नास दिवस राहिले, आणि निघताना कामाची उपकरणे उचलून मीरवर घेऊन गेले. ७ फेब्रुवारी १९९१ रोजी साल्युत-७ वातावरणात जळून त्याचे अवशेष अर्जेंटिनात पडले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते बांधणारा देशही उरला नाही.

मार्चमधील निवेदन खोडून दुसरे काढले गेले नाही. पण काम फत्ते होऊ लागल्यावर त्याच देशाची वृत्तपत्रे थंडी, काळोख आणि बिघाड यांविषयी लिहू लागली. पुढे १९९९ साली साविनिख यांनी मृत स्थानकातील आपली टिपणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. खोडलेली पायरी अशी उशिरा का होईना, पुन्हा वाचता आली. २०१७ साली या मोहिमेवर रशियात चित्रपट निघाला, त्यात आगीचे थरारक प्रसंग घातले आहेत. प्रत्यक्षात तेथे आग नव्हती, थंडी होती. आणि पराक्रम होता तो सोळा तारा पिळण्याचा. प्रेक्षकांना तेवढे पुरणार नाही असे चित्रपटकर्त्यांस वाटले असावे.

मराठीचा अध्यापक म्हणून मला येथे एकनाथांची आठवण होते. शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. तीन शतकांच्या हातांतून जाताना तो ग्रंथ अपपाठांनी भरला होता. नाथांनी प्रती ताडून पाहिल्या, पाठ शुद्ध केला, आणि आपली एकही ओवी त्यात घालू नये, असा निर्बंधही पुढच्यांना घातला. ते स्वतः महाकवी होते. तरी त्या कामात त्यांनी दुसऱ्याचे घर झाडून काढणे पत्करले. आणि ‘जीर्णोद्धार’ या शब्दाचा अर्थ अहिल्याबाईंच्या या इंदुरात मी कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. आरंभ करणाऱ्यांची नावे इतिहास आपण होऊन लिहितो. जीर्णोद्धार करणाऱ्यांची नावे आपल्याला मुद्दाम शोधावी लागतात.

आता शेवटचे, आणि थोडे घरचे. गेल्या काही वर्षांत आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या बैठकांतून एक वाक्य मी वारंवार ऐकतो : आपल्या मराठी शाळेने आपले ऐतिहासिक कार्य पूर्ण केले आहे. वाक्य गोड आहे, कृतज्ञतेने भरलेले आहे. पण ते ऐकले की मला मार्च १९८५ चे ते निवेदन आठवते. आज हे सभागृह भरलेले आहे. दर वर्षी या व्याख्यानाला ते भरते आणि आपण समाधानाने घरी जातो. सकाळी मी पहिलीच्या वर्गात डोकावून आलो. तेथे अकरा मुले होती. त्यांतील चारपाचांच्या घरी मराठी बोलतच नाहीत, तरी ती मुले मराठी कविता म्हणत होती. श्रोतेहो, हे भरलेले सभागृह म्हणजे आपला मापक आहे, आणि तो भरल्याची खूण दाखवतो, म्हणून आपण पुरवठा तोडून बसलो आहोत.

शाळा चालेल की नाही, हे भाकीत करण्याचा मला अधिकार नाही. साल्युतही कायमचे टिकले नाही. पण त्याच्या जीर्णोद्धारातून पुढच्या घराला उपकरणे मिळाली आणि माणसेही मिळाली. माझी विनंती इतकीच की, ‘कार्य पूर्ण झाले’ असे लिहिण्यापूर्वी आपल्यापैकी दोघा-चौघांनी आत जाऊन पाहावे, काय बिघडले आहे ते उघडपणे मांडावे, आणि त्या चुकीवर एक सरळ रेघ ओढून खाली पुन्हा मांडणी करावी. मी स्वतः येत्या सोमवारपासून आठवड्यातून दोन दिवस पहिलीच्या वर्गाला गोष्टी सांगायला येणार आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी तशी परवानगी दिली आहे.